वऱ्हाडचा वाटा : विधिमंडळातील प्रश्न आणि शासकीय खर्चाचे मोजमाप

प्रस्तावना

संसदीय शासनपद्धतीत लोकप्रतिनिधीच्या हाती असलेल्या आयुधांपैकी प्रश्न हे सर्वांत साधे आयुध होय. त्यासाठी बहुमत लागत नाही, पक्षादेश लागत नाही. एकटा सदस्यही शासनाला उत्तर देण्यास भाग पाडू शकतो. भारतातील विधिमंडळांना हा अधिकार टप्प्याटप्प्याने मिळाला. १८६१ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कौन्सिलांना प्रश्न विचारता येत नव्हते. १८९२ च्या कायद्याने प्रश्नाची आणि अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली, परंतु मतदानाची दिली नाही. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला आणि १९१९ नंतर कोणत्याही सदस्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला.

अमरावती व अकोला या परिसरातील, म्हणजेच वऱ्हाडातील लोकप्रतिनिधींनी विचारलेल्या प्रश्नांना एक स्वतंत्र इतिहास आहे. रस्ता का झाला नाही, दवाखान्यात डॉक्टर का नाही, असे प्रश्न सर्वत्रच विचारले जातात. वऱ्हाडचा प्रश्न मात्र गेली शंभर वर्षे प्रामुख्याने तुलनेचा राहिला आहे : येथून किती गेले आणि येथे किती आले? किंवा इतरत्र किती झाले आणि येथे किती? तुलना करावयाची म्हणजे माप लागते, आणि वऱ्हाडच्या बाबतीत हे मापच वेळोवेळी बदलत गेले. ते कसे बदलले आणि त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप कसे पालटले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

देणाऱ्याचा प्रश्न

वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला, परंतु त्याचे सार्वभौमत्व निजामाकडेच राहिले. १९०२ च्या करारानुसार वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरच्या अखत्यारीत देण्यात आला. कायद्याच्या दृष्टीने तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हताच. यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवली. मध्यप्रांताच्या कौन्सिलमध्ये वऱ्हाडचे सदस्य निवडणुकीने ठरत, आणि मग सरकार त्यांची नामनियुक्ती करी. १९१९ च्या कायद्याने अशा सदस्यांना 'निवडून आलेले' समजावे अशी तरतूद करावी लागली. लोकांनी निवडून दिलेल्याला निवडून आलेला समजावे, हे कायद्याने सांगावे लागणे हे वऱ्हाडच्या घटनात्मक इतिहासाचे एक वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

कापसाच्या पैशामुळे वऱ्हाड हा सधन मुलूख होता. रयतवारी पद्धतीमुळे येथील सारा थेट सरकारजमा होत असे, तर मध्यप्रांताच्या मोठ्या भागात मालगुजारी होती. त्या काळातील मोठे कालवे तांदळाच्या मुलखात, विशेषतः छत्तीसगडात झाले. वऱ्हाडची काळी कपाशीची जमीन पावसावरच राहिली. साहजिकच 'वऱ्हाडचा पैसा वऱ्हाडात किती?' हा प्रश्न नागपूरच्या कौन्सिलमध्ये पुनःपुन्हा उपस्थित होऊ लागला. या प्रश्नाला उत्तर म्हणून १९२० च्या दशकात 'सिम सूत्र' पुढे आले. दोन्ही भागांत विभागता येण्याजोग्या खर्चाची वाटणी त्या त्या भागातून मिळणाऱ्या महसुलाच्या प्रमाणात व्हावी, असे त्याचे तत्त्व होते. येथे माप महसुलाचे होते, आणि म्हणून प्रश्न विचारणारा वऱ्हाडी सदस्य देणाऱ्याच्या भूमिकेतून बोलत होता.

याच काळात कौन्सिलने प्रश्नापेक्षा तीव्र उपायही वापरून पाहिला. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला येथे बहुमत मिळाले आणि १९२४ मध्ये कौन्सिलने अर्थसंकल्पातील मागण्या फेटाळून मंत्र्यांचे वार्षिक वेतन दोन रुपयांवर आणले. त्याची चर्चा देशभर झाली. पण गव्हर्नरच्या राखीव अधिकारांमुळे सरकारी खर्च थांबला नाही. वऱ्हाडच्या वाट्याचा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला.

पुढे १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मध्यप्रांत व वऱ्हाड हा एक प्रांत मानला. त्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये या प्रांताच्या गव्हर्नरवर एक खास जबाबदारी टाकण्यात आली : प्रांताच्या महसुलाचा वाजवी हिस्सा वऱ्हाडात अथवा वऱ्हाडच्या हितासाठी खर्च होईल हे पाहणे. ही तरतूद आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. वस्तुतः पुढील सर्व इतिहासाची बीजे तीत आहेत. खर्चाच्या न्याय्य वाटपाची हमी देताना ती विधिमंडळाला उत्तरदायी असणाऱ्या मंत्र्यांवर न सोपविता गव्हर्नरवर सोपविण्याची कल्पना येथे प्रथम कायद्यात आली.

लोकसंख्येचे माप

स्वातंत्र्यानंतर ही तरतूद संपुष्टात आली आणि १९५० च्या संविधानात वऱ्हाडसाठी तशी कोणतीही हमी नव्हती. संयुक्त महाराष्ट्रात सामील व्हावयाचे तर आपल्या वाट्याचे काय, ही वऱ्हाडी नेत्यांची चिंता या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात महाविदर्भासाठी उपप्रांताची कल्पना मांडली गेली होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात उपप्रांत राहिला नाही. त्याऐवजी निरनिराळ्या विभागांवरील खर्चाची वाटणी त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात करावी, मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे आणि याबाबतचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे ठरले. विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरविण्याची प्रथाही याच कराराची देणगी आहे.

महसुलाच्या जागी लोकसंख्या आली, हा बदल वरवर पाहता लहान आहे. परंतु त्याने वऱ्हाडी सदस्याच्या प्रश्नाची भूमिका पालटली. आपण किती देतो हे सांगून आता काही सिद्ध होणार नव्हते. आपण किती आहोत, एवढेच सांगावयाचे होते. अर्थात, करार हा राजकीय नेत्यांमधील समजुतीचा दस्तऐवज होता. त्याचा भंग झाला तर सभागृहात खंत व्यक्त करता येई, दाद मागता येत नसे.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ ला नवे रूप मिळाले. त्यातील दुसऱ्या खंडानुसार राष्ट्रपती आदेशाद्वारे राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात. ती तीन बाबींविषयी आहे : विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे आणि त्यांच्या कामाचा वार्षिक अहवाल, संपूर्ण राज्याच्या गरजा लक्षात घेऊन विकासखर्चाच्या निधीचे समन्यायी वाटप, आणि तंत्रशिक्षण, व्यवसायप्रशिक्षण व राज्याच्या सेवांमधील संधी यांची समन्यायी व्यवस्था. १९३५ च्या कलम ५२ शी असलेले याचे नाते उघड आहे. फरक एवढाच, की येथे 'शकतात' असा शब्द होता. त्या एका शब्दापायी आदेश निघावयास १९९४ साल उजाडले.

अनुशेष : अभावाचे माप

मधल्या काळात माप तिसऱ्यांदा बदलले. १९८३ मध्ये राज्य शासनाने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि 'अनुशेष' हा शब्द महाराष्ट्राच्या राजकीय भाषेत रूढ झाला. समितीने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये ठरविला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के होता.

ही पद्धत नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यानंतरचे जवळजवळ सर्व प्रश्न तिच्याच चौकटीत विचारले गेले. समजा, एखाद्या सेवेची राज्यसरासरी दर शंभर एककांमागे २० आहे. एका जिल्ह्यात ती १२ असेल तर त्याचा अनुशेष ८. दुसऱ्या जिल्ह्यात ३० असेल तर त्याचे अधिक्य कोठेही वजा होत नाही. त्याचा अनुशेष केवळ शून्य धरला जातो. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा प्रत्येक क्षेत्रासाठी असा भौतिक तुटवडा काढावयाचा आणि तो भरून काढण्यास लागणारा पैसा त्या वर्षीच्या किमतीने मोजावयाचा. पहिला भौतिक अनुशेष, दुसरा आर्थिक अनुशेष.

या मापाने प्रश्नकर्त्याला प्रथमच जिल्हानिहाय आकडा मिळाला. अकोल्याचा किंवा अमरावतीचा सदस्य आता 'आमच्यावर अन्याय होतो' असे न म्हणता अमुक क्षेत्रातील अमुक कोटींपैकी किती खर्च झाले, असे विचारू शकत होता. मात्र या लाभाची किंमतही मोजावी लागली. ज्या मुलखाने १९२० च्या दशकात 'आम्ही देतो' म्हणून हिशेब मागितला, त्याला आता 'आमच्याकडे नाही' हे सिद्ध करून हिशेब मागावा लागला. अनुशेषाच्या राजकारणाकडे इतर भागांतील लोक याचना म्हणून पाहतात, यामागे मापातील हा बदल आहे. तो लक्षात न घेतल्याने वऱ्हाडविषयीची बरीच चर्चा भावनिक पातळीवरच राहते.

प्रश्नाची भाषा आणि उत्तराची भाषा

विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचणाऱ्यास त्यांचा साचा परिचित असतो. अमुक काम प्रलंबित आहे, हे खरे आहे काय. असल्यास, त्याची कारणे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा ठरलेला आहे : 'हे अंशतः खरे आहे', 'कार्यवाही सुरू आहे', 'निधीच्या उपलब्धतेनुसार काम हाती घेण्यात येईल', आणि शेवटी 'प्रश्न उद्भवत नाही'. उत्तर खरे असूनही निरुपयोगी असू शकते. म्हणून कसलेला सदस्य मूळ प्रश्न लहान ठेवतो आणि खरे काम उपप्रश्नावर सोपवितो. उत्तर अपुरे वाटल्यास अर्धा तास चर्चा, तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना आणि मंत्र्याने दिलेला शब्द पाळला गेला की नाही हे पाहण्यासाठी आश्वासन समिती, अशी ही साखळी आहे.

या साखळीचा चिकाटीने वापर करणाऱ्यांमध्ये अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघाचे प्रतिनिधी प्रा. बी. टी. देशमुख यांचे नाव महाविद्यालयीन शिक्षकांना सांगावयास नको. १९८० ते २०१० अशी तीस वर्षे ते विधान परिषदेत होते. 'नुटा' या प्राध्यापक संघटनेचे नेतृत्व करीत असल्याने शिक्षकांचे प्रश्न त्यांच्याकडे ओघाने आले. अनुशेषाचा विषय मात्र त्यांनी निवडून लावून धरला. येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. अनुच्छेद २०३ नुसार अनुदानाच्या मागण्या केवळ विधानसभेपुढे मांडल्या जातात; त्यांवर परिषदेला मत देता येत नाही. अनुच्छेद ३७१ मध्येही मंडळांचा अहवाल विधानसभेपुढे ठेवावा असेच म्हटले आहे. म्हणजे ज्या सभागृहाला पैशावर मत नाही, तेथील एका सदस्याने पैशाच्या वाटपाचा प्रश्न तीन दशके धगधगता ठेवला. मताचा अधिकार नसला की प्रश्नाची धार वाढते, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. परंतु ज्याला मतदारसंघातील एखाद्या पुलासाठी मंत्र्याची मर्जी सांभाळावी लागत नाही, तो पाच जिल्ह्यांचा एकत्रित हिशेब मागण्यास अधिक मोकळा असतो, एवढे निश्चित म्हणता येईल.

उत्तर कोणी द्यावयाचे?

९ मार्च १९९४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतर १ मे १९९४ पासून तीन वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. निर्देशांक व अनुशेष समितीने नव्याने मोजणी केली, तेव्हा अनुशेषाचा आकडा सुमारे १४,००० कोटी रुपयांवर गेला. राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांनी डिसेंबर २००१ मध्ये निधीवाटपाबाबत निर्देश दिले. आता हमी कागदावर पूर्ण झाली होती. परंतु नेमका येथेच १९३५ चा पेच पुन्हा उभा राहिला.

राज्यपाल सभागृहात उत्तर देत नाहीत, आणि संसदीय संकेतानुसार त्यांच्या वर्तनावर सभागृहात टीका करता येत नाही. उत्तर मंत्री देतो. पण वाटपाची जबाबदारी राज्यपालांची. निर्देशांप्रमाणे निधी मिळाला नाही किंवा तो दुसऱ्या विभागातील सिंचन प्रकल्पांकडे वळविला गेला, तर उत्तरदायी कोण? मंत्र्याने निर्देशांना सल्ला मानावयाचे की आज्ञा? विधिमंडळात या प्रश्नाचे उत्तर मिळणे शक्यच नव्हते, कारण तो सभागृहाच्या अधिकाराबाहेरचा होता. अखेर प्रा. देशमुख आदींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २००८ मध्ये निर्णय दिला, की राज्यपालांचे निर्देश राज्य शासनावर बंधनकारक आहेत. विधिमंडळात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयातून यावे, याचा अभिमान बाळगावा की खेद, याविषयी मतभेद होऊ शकतात. संसदीय उत्तरदायित्वाच्या दृष्टीने ती निश्चितच उणीव होती.

पैसा संपला, पाणी आले नाही

निर्देशांनंतरच्या दशकात बहुतेक क्षेत्रांतील आर्थिक अनुशेष दूर झाल्याचे शासनाकडून सांगण्यात आले. शिल्लक राहिला तो सिंचनाचा, आणि तो प्रामुख्याने अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा या चार जिल्ह्यांत. हे चार जिल्हेच मागे का राहिले, याचे एक कारण मोजमापात आहे.

सिंचनाचा अनुशेष हेक्टरमध्ये मोजला जातो. निरनिराळ्या पिकांना पाणी कमीअधिक लागत असल्याने ते क्षेत्र 'प्रमाणित रब्बी समतुल्य' अशा एका मापात आणले जाते. या हेक्टरांची किंमत मात्र मोजणीच्या वर्षीची धरली जाते. समजा, एक हेक्टर भिजविण्याची क्षमता निर्माण करण्यास त्या वर्षी एक लाख रुपये लागत होते आणि दहा हजार हेक्टरांचा तुटवडा होता. अनुशेष झाला शंभर कोटी. दहा वर्षांत शंभर कोटी दिले गेले. दरम्यान खर्च हेक्टरी दोन लाख झाला. आर्थिक अनुशेष शून्य, आणि पाच हजार हेक्टर अद्याप कोरडेच. त्या वेळी 'अनुशेषाचा किती निधी दिला?' असे विचारणाऱ्या सदस्याला मिळणारे 'संपूर्ण' हे उत्तर अगदी खरे असते. प्रश्न हेक्टरांत विचारावयास हवा होता. तो रुपयांत विचारला गेला.

त्यातही भूगोलाची भर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारे, जमीन चिकण आणि निचरा कमी. राज्याच्या अन्य भागात शासनाचा कालवा नसला तरी शेतकऱ्याला विहिरीचा आधार असतो. येथे तोही नाही. सरासरीच्या गणितात हा फरक उतरत नाही. जमीन-संपादन, पुनर्वसन, वनजमीन यांमुळे रेंगाळलेले प्रकल्प हा आणखी एक भाग. तो सर्वज्ञात असल्याने त्याचा विस्तार येथे आवश्यक नाही.

निर्माण झालेली क्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांतील अंतराचा मुद्दा मात्र सोडता येत नाही. मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणाचे पाणी नांदगाव पेठ येथील औष्णिक वीज प्रकल्पास देण्यावरून जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच मुद्दा होता. ज्या जिल्ह्याचा सिंचन अनुशेष शासन स्वतः मान्य करते, तेथील सिंचनासाठी साठविलेले पाणी उद्योगाकडे वळविल्यास अनुशेष वाढला असे धरावयाचे की नाही? धरण बांधून झाल्याने क्षमता तर हिशेबात धरली गेलेली असते.

मंडळांनंतर

२०११ मध्ये नेमलेल्या डॉ. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि तो डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. सेवेच्या सरासरीवर आधारलेल्या जुन्या अनुशेषाऐवजी विकासातील अंतराचा व्यापक विचार करणारी नवी दृष्टी तिने मांडली. शिफारशींवर मतैक्य झाले नाही. विदर्भातील अनेकांना जुने माप सोडून देणे म्हणजे जुने देणे सोडून देणे वाटले, आणि ही शंका अगदीच निराधार नव्हती.

३० एप्रिल २०२० रोजी विकास मंडळांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा स्थापन करण्याची शिफारस करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. मुदत संपल्याचा परिणाम प्रश्नकर्त्याच्या दृष्टीने फार व्यावहारिक आहे. मंडळांच्या वार्षिक अहवालातून त्याला विभागनिहाय आकडे आयते मिळत. ते नसतील तर त्याला अर्थसंकल्पीय प्रकाशने, महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि पाटबंधारे महामंडळाची कागदपत्रे यांतून ते स्वतः जुळवावे लागतात. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मुळे हे काम आता नागरिकालाही करता येते. संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे त्या अधिनियमाच्या मूळ कलम ८ मध्ये नमूद होते. परंतु माहिती अधिकाराच्या अर्जाला उपप्रश्न नसतो, आणि उत्तर चुकीचे निघाल्यास विशेषाधिकारभंगाचा धाकही नसतो.

वऱ्हाडातील महाविद्यालयांमध्ये अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल व वाणिज्य या विषयांचे विभाग आहेत, आणि जिल्हा वार्षिक योजनेचे आकडे जिल्ह्याच्या ठिकाणीच उपलब्ध असतात. एका तालुक्यातील एका लघुप्रकल्पाची मंजूर क्षमता, त्यावर झालेला एकूण खर्च आणि गेल्या पाच हंगामांत प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र, एवढे तीन स्तंभ भरले तरी त्यातून सभागृहात विचारता येईल असा प्रश्न तयार होतो. त्या प्रश्नाला 'प्रश्न उद्भवत नाही' असे उत्तर देता येत नाही.